तात्याच्या पिंजऱ्यातली वाळू

१

गुरुवारी सकाळी तात्या पिंजऱ्यात आडवा पडलेला सापडला. तोंडाला फेस, चारी पाय लटपटतायत. आणि नम्रताची स्कूटी मालवणातून देवबागला पोचेपर्यंत अर्ध्या वाडीने ठरवूनसुद्धा टाकलं होतं की विष तुळसानेच घातलं.

आता तात्या कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणाचे तरी वडील. तात्या म्हणजे इग्वाना. साडेतीन फुटांचा हिरवागार सरडाच म्हणा, गळ्याखाली पिशवी लोंबतेय, पाठीवर करवतीसारखे दाते, आणि चेहरा असा की आत्ता पेन्शन वेळेवर येत नाही म्हणून तक्रार करेल. म्हणून तात्या. सत्यवतीकाकींच्या विकीने तो गोव्यातल्या एका मित्राकडून आणला तेव्हा वीतभर होता. मग विकीला बोटीवर नोकरी लागली, तो गेला समुद्रावर, आणि सरडा पडला आईच्या गळ्यात. काकींचं घर देवबागात, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, आणि मागच्या पडवीत तात्याचा कपाटाएवढा जाळीचा पिंजरा. गावातले त्याला घोरपडच म्हणायचे. घोरपड पाळायला बंदी आहे, एक दिवस फॉरेस्टवाले येणार, असं सगळे काकींना घाबरवायचे. नम्रताने शंभर वेळा सांगितलं असेल की बाबांनो, घोरपड नव्हे हा, हा जास्वंदीची फुलं आणि शेवग्याचा पाला खातो. कोण ऐकतंय.

नम्रता राऊळ मालवणला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. तेवीस वर्षांची. दिवस सगळा गाई, म्हशी, शेळ्या आणि चावरी कुत्री. सरडा हा तिचा स्वतःचा असा पहिलाच पेशंट, आणि तिने तो असा काही मनावर घेतला होता की विचारू नका. २००८ चा डिसेंबर होता. तीन आठवड्यांपूर्वी काकींचा फोन आला होता की तात्या दिवसभर पाण्याच्या थाळीत बसून असतो, बाहेर येत नाही, आणि थाळीत खसखशीसारखं काहीतरी तरंगतं. नम्रताने जाऊन भिंग लावून बघितलं. खसखस चालत होती. काळपट-तांबडे बारीक किडे, माइट म्हणतात त्यांना, तात्याच्या डोळ्यांच्या कडेला, कानापाशी, काखेत, खवल्यांच्या खाली, रक्त पीत बसलेले. पांढऱ्या कापसाने पुसलं तर कापूस लाल.

तिने डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं उघडली, आणि काकींना नीट समजावलं. अंगावर दिसतात त्याच्या दसपट किडे पिंजऱ्यात लपलेले असतात. म्हणून खालचा काथ्या काढा, फांदी काढा, सगळं जाळा. पिंजरा साबणाच्या कढत पाण्याने घासा. खाली फक्त पेपर घाला, रोज बदला, पेपरावर किडे लगेच दिसतात. तात्याला रोज कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं बसवा. डोळ्यांभोवती खोबरेल तेलाचा थेंब. आणि हे तीन आठवडे चुकवायचं नाही, कारण अंडी मागाहून फुटतात. पावडर नाही, फवारा नाही, काही म्हणजे काही नाही. तिने ते कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवलंसुद्धा होतं.

आणि जमत आलं होतं बघा. किडे जवळजवळ संपले होते. रविवारी विकी सुट्टीवर येणार होता.

त्यात हे.

नम्रताने आल्या आल्या तात्याला उचलला. वाळूत त्याच्या शेपटीचे ओरखडेच ओरखडे उमटले होते, बिचारा किती तडफडला असेल. नळाखाली धरून धुतला, तोंड पुसलं, डॉक्टरांना फोन लावला. ते कुडाळच्या शिबिराला गेले होते. त्यांनी लक्षणं ऐकली आणि सांगितलं की फवारणीच्या विषासारखं वाटतंय, बॅगेत ते अमुक इंजेक्शन आहे, इतकं दे, पण नक्की कुठलं विष ते संध्याकाळपर्यंत मला कळव. दुसरा डोस द्यायचा की नाही ते त्यावर ठरेल, अंदाजाने दिलं तर जनावर औषधानेच जाईल.

इंजेक्शन देऊन तात्याला टॉवेलात गुंडाळून तिने उन्हात ठेवला आणि मग कुठे तिचं बाकीच्यांकडे लक्ष गेलं.

काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांना धार, घामाने पोलकं भिजलेलं, पदराने सारखं तोंड पुसतायत. बोलताना मात्र आवाज खणखणीत.

"तिनाच घातल्यान. पयल्या दिसापासून डोळ्यात खुपता तिच्या तो. आयतवारी विकी येताहा. त्येच्यासमोर मी जागेवाल्याक नारळ ठेवतलंय, आणि ज्येना केला त्येचा नाव घेवन गाऱ्हाणा घालतलंय."

जागेवाला म्हणजे काकींच्या आवाराच्या कोपऱ्यातला, उंडलाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालून एकदा नाव घेतलं की ते नाव वाडीत कायमचं झालं. तुळसा काकींकडे बारा वर्षं रांधत होती. विचार करा, रांधणाऱ्या बाईचं नाव विषाशी जोडलं गेलं तर देवबागात कुठल्या घरात तिला चुलीजवळ उभी करतील?

तुळसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडत वगैरे नव्हती. हातात नारळ खवायची विळी.

"जातंय मी," ती म्हणाली. "पण पाव्हण्यांचा आजचा रांदून जातंय. अर्ध्यार टाकून जाऊची माका सवय नाय."

नम्रताने काकींकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला. खरंतर तिला स्वतःलाही वाटत होतं की तुळसाच असणार.

२

कारण तुळसाचं आणि तात्याचं वाकडं सगळ्यांना माहीत होतं. तात्या पडवीत सुटला की ती खुर्चीवर चढायची. हे जनावर एक दिवस माझा जीव घेणार, असं पाहुण्यांना जेवण वाढताना सांगायची, पाहुणे हसायचे.

त्यात बाबलीने भर घातली. बाबली शेजारचा. सकाळी पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला होडीतून न्यायचा, आणि दुपारी वाडीतल्या सगळ्यांच्या माडांवर चढायचा. पाडेलीही तोच, होडीवालाही तोच, आणि बातमीदारही तोच. नम्रता त्याच्याकडे गेली तेव्हा तो आज दुपारच्या जादा खेपेसाठी होडी ढकलत होता, काकींचे कोल्हापूरचे सहा पाहुणे लाइफ जॅकेट घालून आधीच बसलेले.

"काल तिनीसांजेक बघलंय मी," तो म्हणाला. "पिंजऱ्याचा दार उघडा, हातात काळी बाटली. माका बघल्यान आणि बाटली पदराखाली घातल्यान. आता तूच सांग, खोबरेल तेल कोण पदराखाली लपयता?"

मुद्दा बरोबर होता. नम्रताने त्याला विचारलं की तुला स्वतःला तात्या आवडतो का. तो म्हणाला, त्या घोरपडीची तक्रार करणार होतो, पण विकीच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो. एवढं बोलून होडीत उडी मारली आणि गेला. चार वाजता येणार होता.

मग सुदेश. सुदेश साप पकडायचा, स्वतःला सर्पमित्र म्हणवायचा, आणि तात्यावर त्याचा कधीचा डोळा होता. पर्यटकांना दाखवायला आठ दिवस दे म्हणून विकीच्या मागे लागला होता, विकीने दिला नव्हता. गेल्या आठवड्यात तो कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फवारा घेऊन आला होता, एक फवारा मार, उद्या किडा औषधाला मिळणार नाही म्हणून. नम्रताने त्याला पिंजऱ्यावरचा कागद वाचून दाखवला होता आणि परत पाठवला होता. आज तो नाक्यावर चहा पीत बसलेला. तिने सरळ विचारलं. त्यानेही सरळ पिशवीतून बाटली काढून पुढे ठेवली. अर्धी रिकामी.

"अर्धी खंय गेली?"

"माझ्या कुत्र्याक मारलंय," सुदेश म्हणाला. "जावन वास घे त्येचो. चावलो तर माझ्याकडे येव नको."

कुत्र्याचा वास घ्यायला नम्रता गेली नाही. पण बाटली अर्धी होती हे तिने लक्षात ठेवलं.

परत आली तर तुळसा भांडी घासत होती. नम्रताने काळ्या बाटलीचं नाव काढल्याबरोबर तिचे हात थांबले. आढेवेढे घेतले, मग उठली, फळीवर मिठाच्या बरणीमागे हात घालून बाटली काढली आणि नम्रताच्या हातात दिली. बूच उघडलं तर कडू, उग्र वास.

करंजेल तेल.

"माझ्या झिलाक ल्हानपणी खरूज झालेली तेवा ह्याच लावलंय. गुण येता," तुळसा खाली बघत म्हणाली. "तुझ्या खोबरेलान किडे मरूचे नाय. तेच्या डोळ्याभोवती फिरतत ते. माका बघवणा नाय."

म्हणजे ऐका, खुर्चीवर चढणारी ही बाई गेले दहा दिवस सगळे पांगले की पिंजऱ्याचं दार उघडून तात्याच्या कानामागे थेंब थेंब तेल लावत होती, आणि कोणी हसू नये म्हणून लपवत होती. आणि तात्या मान पुढे करायचा म्हणे.

नम्रताला ते ऐकून बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. कारण आता तात्याच्या अंगाला काहीतरी लावलंय हे तुळसाने स्वतःच्याच तोंडाने कबूल केलं होतं. काकींनी हे ऐकलं तर संपलंच. आणि करंजेलाने साडेतीन फुटी इग्वाना असा आडवा होतो का, हे नम्रताला माहीत नव्हतं.

३

ती पिंजऱ्यापाशी जाऊन बसली. माणसं काय बोलतात ते ऐकून झालं, आता किडे काय सांगतात ते बघू, असं तिने स्वतःशी म्हटलं. आणि भिंग काढलं.

पहिल्यांदा छप्पर. वरच्या जाळीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या खाचेत, अजून दहा-बारा किडे होते. बोट लावलं. चालले. छान जिवंत, तुरुतुरु.

मग खालची चौकट. तिथेही दहा-बारा होते. बोट लावलं, हलले नाहीत. पाय आखडून मेलेले. वाळूवर पाच-सात, तेही मेलेले.

नम्रता तशीच भिंग धरून बसून राहिली. वरचे जिवंत, खालचे मेलेले.

हे बघा, सुदेशने बाहेरून फवारा मारला असता तर पहिल्यांदा वरचे मेले असते, जाळीतून फवारा सगळीकडे जातो. म्हणजे फवारा नाही. करंजेल तात्याच्या कानामागे. तेलाने किडे मेले असते तर तात्याच्या अंगावर, तेलात चिकटून मेले असते. तिने टॉवेल उघडून बघितलं. कानामागे तेलात दोन-तीन चिकटलेले होते, बास. मग चौकटीवर तेलाचा थेंब नसताना तिथले कशाने मेले? विष वरून आलं नव्हतं आणि अंगाला लावलेलंही नव्हतं. विष खाली होतं. तात्या त्यावर पोट टेकून बसला, आणि इग्वानाला खोड असते, नवीन काही दिसलं की जीभ लावून बघायचं.

खाली काय होतं? वाळू.

आणि इथे नम्रताला स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटला. सकाळी ती त्या वाळूपाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिला काही वावगं वाटलं नव्हतं. देवबागात वाळू दिसली नाही तर माणूस दचकेल. अंगणात वाळू, चपलेत वाळू, भाकरीत वाळू. पण पिंजऱ्यात वाळू नव्हतीच ना घालायची. पेपर होता. पेपर कुठे गेला?

तिने काडीने थोडी वाळू कागदावर घेतली. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, ओलसर असते, चिकटते. ही कोरडी, एकसारखी, बारीक. चाळलेली. चारी कडांना बोटांनी दाबून नक्षी काढल्यासारखी वळणं होती, जिथे तात्याने विस्कटली नव्हती तिथे अजून दिसत होती. हाताला न लावता तिने वास घेतला. औषधाच्या दुकानासारखा.

एवढ्या वाळूच्या गावात कोण बसून वाळू चाळतं?

उत्तर तिला लगेच आलं, आणि ते तिला नको होतं. शेंगदाणे भाजायला चाळलेली वाळू लागते. काकींकडे चारच्या चहाबरोबर पाहुण्यांना वाळूत भाजलेले गरम शेंगदाणे मिळायचे, त्याच्यासाठी लोक परत परत यायचे. आणि ती वाळू स्वयंपाकघरात, पत्र्याच्या डब्यात, फक्त तुळसाच्या हाताखाली असायची.

घड्याळात पावणेचार झाले होते. आतून कढई चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

४

नम्रता धावली ती अशी की पडवीतली बादली लवंडली. ती वाळू डब्यात असेल, ती कढईत जाईल, तिच्यात दाणे भाजले जातील, आणि सहा माणसं होडीतून उतरून मुठी भरभरून खातील.

तुळसा चुलीपुढे बसली होती. कढई तापलेली होती. आणि रिकामी. डबा बाजूला होता, त्यातली मूठभर वाळू तिने सुपात घेतलेली, आणि ती तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"हात लाव नको तिका," नम्रता दारातूनच म्हणाली.

"लावणा नाय," तुळसा शांतपणे म्हणाली. "ही वाळू माझी न्हय. माझी वाळू काळी. बारा वर्सा भाजून भाजून काजळासारखी झालीहा. ही गोरी पाव्हणी कोण इली?"

नम्रता तिथेच उंबऱ्यावर बसली.

बरोबर होतं. तेच तेच भाजून वाळू काळी पडते, तिला दाण्यांचं तेल लागतं, म्हणून तर रांधणाऱ्या बायका जुनी वाळू टाकत नाहीत, जपतात. पिंजऱ्यातली वाळू पांढुरकी होती. म्हणजे ती तुळसाची नव्हती. दोघींनी शोधलं तर तुळसाची काळी वाळू तिच्या डब्यासकट लाकडांच्या ढिगामागे सापडली, तिनेच काल तिकडे सरकवली होती, फळी पुसताना, आणि परत जागेवर ठेवायची राहून गेली होती. तिच्या जागेवर आज हा दुसरा डबा होता. तोही तसलाच, कापलेला तेलाचा डबा. अर्धा भरलेला.

विष घालणारी बाई विषाच्या वाळूत पाहुण्यांचे दाणे भाजायला घेईल आणि मग स्वतःच थांबेल, असं कसं होईल? तुळसा सुटली. नम्रतापुरती तरी.

तिने तुळसाला साबणाने हात धुवायला लावले, दोनदा, आणि दाणे आज राहू देत म्हणाली. तुळसाला हात धुण्यापेक्षा दाण्यांचं जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात बाहेर होडीचं इंजिन वाजलं. नम्रताने डबा फडक्याने धरून उचलला आणि किनाऱ्यावर नेऊन बाबलीच्या पुढ्यात ठेवला.

बाबलीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ह्यो माझो डबो," तो म्हणाला. "हयसर कसो इलो?"

५

तर झालं होतं असं. काकींच्या तीन माडांना भुंगा लागला होता, गेंड्या भुंगा, तो माडाचा कोंब पोखरतो. त्यावर इकडचा उपाय ठरलेला आहे. चाळलेल्या वाळूत भुंग्याची पावडर मिसळायची आणि वर चढून ती चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, बेचक्यांत भरायची. वाळू चाळलेली लागते, नाहीतर बेचक्यात नीट उतरत नाही. बुधवारी बाबलीने तेच केलं होतं. थोडी उरली. ती तो नेहमी न्हाणीघराच्या मागे ठेवतो, पण सध्या दव फार पडतं, पावडर भिजून फुकट जाईल म्हणून ह्या खेपेला त्याने डबा पडवीत आणून ठेवला, पायरीजवळ. कोणाला सांगितलं का? नाही. माडाच्या औषधाचा डबा सगळ्यांना माहीत असतो. सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते त्याला सांगता येईना.

त्याच्याकडे पावडरीची पिशवी होती. नम्रताने तिच्यावरचं नाव डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, इंजेक्शन बरोबर पडलंय, दुसरा डोस दे, आत्ता दे. तिने दिला. तात्याने एक डोळा किलकिला करून बंद केला. तेवढंच.

आता एकच प्रश्न उरला होता. पडवीतला डबा उचलून पिंजऱ्यात वाळू कोणी घातली, आणि उरलेला डबा आत नेऊन तुळसाच्या जागेवर कोणी ठेवला?

तुळसा काल दिवेलागणीला घरी गेली तेव्हा पिंजऱ्यात पेपर होता, ती शपथेवर सांगत होती. बाबलीनेही आठवून सांगितलं, हो, दार उघडं होतं तेव्हा पेपर दिसला होता, वर कसलीतरी जाहिरात होती, साडीतली बाई. तुळसा सकाळी साडेसातला आली आणि तिनेच पहिल्यांदा तात्याला पडलेला बघून हाक मारली. तोवर घरात पाहुणे होते, झोपलेले. सुदेशला स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे असतो ते काय माहीत. डबा जागेवर नेऊन ठेवायची सवय घरातल्या माणसाला असते. आणि कडांना बोटांनी नक्षी काढायची? नम्रताने पुढच्या दाराकडे बघितलं. उंबऱ्यासमोर सकाळची रांगोळी होती. चारी बाजूंना तीच बोटांची वळणं.

काकी अजून खांबाला टेकून बसल्या होत्या. चहाचा कप तसाच, साय धरलेला. पदराने तोंड पुसतायत. डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, पण आता नीट बघितलं तर ते रडणं नव्हतं. डिसेंबरातल्या वाऱ्यात एवढा घाम कोणाला येतो? तात्याच्या तोंडाला फेस, काकींच्या तोंडाला पाणी. नम्रताला सकाळीच दिसलं होतं, पण तिने फक्त जनावराची लक्षणं मोजली होती.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काकीनू, तोंडाक पाणी कदीपासून सुटता?"

"सकाळपासून. पित्त झाला आसतला. मस्तक पण दुखता."

"पिंजऱ्यातलो पेपर तुमी काढल्यात?"

बाबली मागे उभा होता, तुळसा दारात, कोल्हापूरचे पाहुणे ओल्या कपड्यांत दाणे कधी येतात याची वाट बघत.

"विकी येताहा म्हणान," काकी शेवटी म्हणाल्या, आणि आवाजातला खणखणीतपणा कुठच्या कुठे गेला. "तात्याक रद्दीवर पडललो बघून तो काय म्हणात? आवशीन भिकाऱ्यासारखो ठेवल्यान म्हणात. पडवेत चाळलली वाळू दिसली. माका वाटला तुळसाचीच. पिंजरो बरो दिसात म्हणान घातलंय, आणि उरलली डब्यासकट आत तिच्या जागेर ठेवलंय." मग नम्रताकडे बघून, "त्या वाळयेत काय होता गो?"

नम्रताने सांगितलं. खरं सांगायचं तर काकी खोटं बोलल्या नव्हत्या. पिंजरा कोण साफ करतं म्हणून सकाळी कोणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, रोज तुळसाच करते. ते खरंच होतं, काकी तात्याला टबात घेऊन बसायच्या तेवढ्यात ती पेपर बदलायची. फक्त त्या दिवशी तिने केला नव्हता. पेपरच घालायचा असं नम्रताने बजावलं होतं आणि आपण ते मोडलं, एवढंच त्यांना लपवायचं होतं. वाळूने कोणी मरतं हे देवबागातल्या बाईच्या मनात येणार तरी कसं.

बाबलीने तेवढ्यात रिक्षा आणली. काकींचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, लुगडं बदललं, आणि त्यांना मालवणला सरकारी दवाखान्यात नेलं. रिक्षात एका बाजूला नम्रता आणि दुसऱ्या बाजूला, कोणी सांगितलं नव्हतं तरी, तुळसा. काकी वाटभर तिच्याकडे बघत नव्हत्या. तुळसा त्यांचं तोंड पुसत होती.

६

काकी शुक्रवारी घरी आल्या. तात्याने शनिवारी डोळे उघडले आणि जास्वंदीचं अर्धं फूल खाल्लं. मागचा एक पाय जरा ओढत होता, तो पुढेही ओढतच राहिला. पिंजऱ्यात पेपर आला. तीन आठवड्यांचा हिशोब नम्रताने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावला, कारण छपरातले ते दहा-बारा अजून जिवंत होते ना. बाबलीने औषधाच्या डब्याला लाल रंग फासला आणि तो आपल्या घरी नेऊन ठेवला. सुदेश येऊन सगळ्यांना सांगून गेला की त्याला पहिल्यापासूनच वाळूचा संशय होता.

तुळसा मात्र शुक्रवारी आली नाही, शनिवारी आली नाही. काकींनी दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही.

रविवारी दुपारी विकी आला. काकींनी त्याला दारातच उभा करून सगळं सांगितलं, बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. तो आत जाऊन तात्यापाशी बसला. आणि काकी सोललेला नारळ घेऊन आवाराच्या कोपऱ्याकडे निघाल्या तर उंडलाच्या झाडाखाली तुळसा उभी. चांगलं लुगडं नेसलेली. कुंपणापलीकडे वाडीतल्या पाच-सात बाया, गुरुवारी ज्यांच्यासमोर तिचं नाव घेतलं गेलं होतं, त्याच. तिनेच बोलावून आणल्या होत्या.

काकी थबकल्या.

"वैनीनू, नारळ ठेवतलंय म्हणालात, मगे ठेवा," तुळसा म्हणाली. "नाव तेवढा बरोबर घ्या."

नम्रता विकीच्या मागे पडवीत उभी होती. तिला वाटलं, काकी आता परत फिरणार. असं स्वतःच्या दारात, स्वतःच्या तोंडाने, शेजाऱ्यांसमोर कोण म्हणेल?

काकींनी नारळ दगडापुढे ठेवला. डोक्यावर पदर घेतला.

"बा जागेवाल्या म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, आवाज अगदी बारीक, "माझ्या हातान चूक झाली. ती मी तुळसाच्या माथ्यार घातलंय."

कुंपणापलीकडून बायांनी सवयीने साथ दिली, "व्हय म्हाराजा." तुळसाचं तोंड मिटलेलं.

काकींनी तिच्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे. त्यांना कळलं. घसा साफ केला आणि ह्या वेळी असं म्हटलं की पलीकडच्या चौथ्या घरात ऐकू जावं.

"मी, सत्यवती, ह्या घरची. तात्याक विष माझ्या हातान गेला. तुळसाचा नाव ज्येच्या ज्येच्या तोंडात गेला आसात, त्येच्या त्येच्या तोंडातसून ता भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाया म्हणाल्या.

तुळसाने दगडापुढे हात जोडले. वारा होता, उंडलाची पानं वाजत होती.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग पुढे होऊन नारळ उचलला, पायरीवर आपटून फोडला, एक कवड दगडापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन कोणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून विळीचा आवाज यायला लागला.

विकीला सोलकढी लागायची, आणि ती करायला उशीर झाला होता.